शिवणीत सोडलेली माया

नमस्कार श्रोतेहो.

शिवणकाम करणाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द सतत येतो, माया. "दोन बोटं माया ठेव." "माया कापू नकोस गं." "इथे माया कमी पडली." शिवणीच्या पलीकडे, कापडाच्या उलट बाजूला जी जास्तीची पट्टी सोडतात, ती माया. बाहेरून ती दिसत नाही. कपडा घालणाऱ्याला तिची आठवणही नसते. पण अंग भरलं, उंची वाढली की तीच उपयोगी पडते. जिव्हाळ्यालाही आपल्या भाषेत हाच शब्द आहे, आणि शिवायला बसले की मला याचं दर वेळी नव्यानं अप्रूप वाटतं.

उन्हाळा उतरणीला लागला की आमच्या घरी ही माया उसवण्याचे दिवस येतात. मुलांची सुट्टी संपत आलेली असते. शाळेचे कपडे कपाटातून बाहेर निघतात आणि मग कळतं, दोन महिन्यांत पोरं किती वाढली ते. माझ्या मुलीचा स्कर्ट सुट्टीआधी गुडघ्याला टेकत होता. गेल्या आठवड्यात घालून पाहिला तर गुडघ्याच्या चांगला बोटभर वर. ती आरशासमोर उभी राहून तो खाली ओढत होती आणि मी तळाची दुमड उलटून पाहत होते. तीन बोटं कापड आत होतं. मला हायसं वाटलं.

उसवण्याचं काम आमच्याकडे सासूबाईंचं. त्यांच्या हाताला आता थोडा कंप आहे, सुईत दोरा ओवणं जमत नाही, पण उसवावं त्यांनीच. त्या ओढाताण करत नाहीत. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका ब्लेडच्या टोकानं तोडतात, मग कापड उलटं करून दुसऱ्या बाजूचा दोरा धरतात आणि हलकेच ओढतात. पूर्ण दोरा सळसळत एका दमात बाहेर येतो. नात शेजारी बसून बघत होती. तिला म्हणाल्या, "बाळा, दोरा तोडायचा असतो, कापडाला कळूसुद्धा द्यायचं नाही."

दुमड उलगडली आणि आतून गडद निळा रंग निघाला. बाहेरचा स्कर्ट उन्हानं इतका विटलेला होता, हे तोवर आम्हाला जाणवलंच नव्हतं. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर रोज ऊन पडतं, उन्हातले अतिनील किरण रंगाचे रेणू हळूहळू तोडत जातात. दुमडीच्या आत ऊन पोचत नाही, म्हणून तिथे मूळ रंग जसाच्या तसा राहतो. मुलगी हिरमुसली. दोन रंग दिसणार म्हणाली. त्यावर एक साधा उपाय आहे. जिथे जुनी घडी होती, नेमक्या त्या रेषेवर एक फीत शिवायची. रंगांचा सांधा झाकला जातो आणि घडीची खूणही. फीत नको असेल तर पाणी आणि पांढरं व्हिनेगर सारखं मिसळून त्यात फडकं भिजवायचं, पिळून घडीवर ठेवायचं आणि वरून इस्त्री दाबायची. घडीची रेष बरीच पुसट होते. आधी आतल्या एखाद्या कोपऱ्यावर करून बघा, काही रंग व्हिनेगरला टिकत नाहीत.

फीत शिवताना मुलीनं मशीनची सुई हातात घेतली आणि विचारलं, "आई, आजीच्या सुईचं भोक मागे असतं, मग हिचं टोकाला का?" मला तिचा प्रश्न फार आवडला, कारण शिवणयंत्राचं सगळं गुपित त्या भोकातच आहे. हातानं शिवताना अख्खी सुई कापडातून आरपार जाते आणि दोऱ्याला मागे ओढत नेते. यंत्राला ते कसं जमावं? म्हणून भोक टोकाशी आलं. सुई फक्त टोकानं खाली उतरते, वर येताना दोऱ्याचा एक फास खाली सोडते, आणि त्या फासातून बॉबिनचा, म्हणजे खालच्या छोट्या फिरकीवरचा, दोरा जातो. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या दोन थरांच्या मध्ये एकमेकांत अडकतात, तीच टीप. टोकाला भोक असलेली सुई आणि खालून जाणारा धोटा अशा यंत्राचं पेटंट एलियास होवे यांनी अमेरिकेत १८४६ साली घेतलं. आज घरोघरी असलेलं मशीन मुळात त्याच रीतीनं शिवतं. मुलीला मी चाक हातानं सावकाश फिरवून दाखवलं. फास कसा पडतो ते तिनं दहा वेळा पाहिलं.

तुमच्यापैकी ज्यांनी नुकतं शिवायला घेतलं आहे, त्यांच्यासाठी इथे दोन गोष्टी. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ दिसली की नवशिक्या बॉबिनवर राग काढतात. बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो, तो ताणाच्या चकत्यांमध्ये, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या दोन चकत्यांमध्ये, नीट बसलेला नसतो. कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलून दोरा पुन्हा पहिल्यापासून ओवा. आणि सुई बदला. सुईवर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातले ९० म्हणजे सुईची जाडी, ०.९ मिलिमीटर. रोजच्या सुती कापडाला ती बरी. झिरझिरीत कापडाला ७५/११ घ्यावी, जाड्याभरड्याला १००/१६. बोथट सुईनं शिवलेली टीप मला लांबून ओळखू येते, कापड तिच्या दोन्ही बाजूंनी गोळा झालेलं असतं.

नवं सुती कापड असेल तर कापण्याआधी धुऊन घ्या. विणताना आणि खळ-इस्त्री करताना धागे ताणलेले असतात, पाण्यात पडले की ते आपल्या मूळ जागी येतात. हे आधी झालं नाही तर नंतर होतं, शिवलेल्या कपड्यात, आणि तेव्हा तुमची सगळी माया पहिल्या धुण्यातच संपते.

मीसुद्धा एके काळी माया कापत असे. शिवण आतून सुबक दिसावी म्हणून काठोकाठ छाटायची. ती सवय सुटली एका ब्लाउजमुळे. आई गेल्यानंतर तिचा एक ब्लाउज मी माझ्या मापाचा करायला घेतला. आतली बाजू उलटली तर कुशीच्या शिवणीत तीन टिपांच्या जागा. सगळ्यात आतली उसवलेली, नुसती सुईच्या बारीक भोकांची रांग उरलेली. ती तिच्या तरुणपणाची. तिच्यापासून अर्धं बोट बाहेर दुसरी, तीही उसवलेली. ती बहुधा माझ्या जन्मानंतरची. आणि तिसरी, अगदी काठाशी, हातानं घातलेली उलटटीप. शेवटच्या आजारात औषधांनी तिच्या अंगाला सूज आली होती. मशीनवर बसवत नव्हतं, म्हणून तिनं ती अंथरुणात बसून घातली असणार. मी त्याच घरात होते आणि मला कळलं नव्हतं. तो ब्लाउज मी बेतला नाही. तसाच घडी करून ठेवला आहे. तेव्हापासून माझ्या हातून माया कापली गेलेली नाही.

दुपार शिवणाची, तर सकाळ आणि संध्याकाळ बागेची. बाग म्हणजे चार वाफे आणि काही कुंड्या, एवढीच. उन्हाळ्याच्या शेवटी ती बघवत नाही. पानं करपलेली, वेल मलूल, भोपळ्याच्या पानांवर भुरी या बुरशीरोगाचे पांढरे डाग. याच दिवसांत माणसं कंटाळून सगळं उपटून टाकतात. आमच्या घरीही दर वर्षी हा वाद होतो. यंदा नवरा टोमॅटोच्या वाफ्यापाशी उभा राहून म्हणाला, "तीन आठवडे झाले, एक फळ धरत नाहीये. काढून टाकू या." मी म्हटलं, थोडं थांबू. टोमॅटोला फुलं येत होती आणि देठापासून गळत होती. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या आसपास राहिला आणि रात्रीही फारसा उतरला नाही, की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फळ धरत नाही. यात झाडाचा दोष नसतो. रात्री जरा गार झाल्या की तेच झाड पुन्हा फळतं. आम्ही करपलेल्या फांद्या तेवढ्या छाटल्या, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन दिलं, खोडाला टेकू न देता, आणि वाट पाहिली. परवा दोन घोसांत वाटाण्याएवढी फळं दिसली. सगळ्यात आधी त्यालाच दिसली.

पाण्याबद्दल मी जरा आग्रहानं बोलणार आहे. रोज संध्याकाळी पाइप धरून वरवर शिंपडणं हे पाणी देणं नव्हे. त्यानं माती वरच्या वर ओली होते, मुळं ओलीच्या मागे वर येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात भाजतात. बोट दोन इंच मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर सकाळी, आळं भरून, सावकाश, खोलवर मुरेल असं द्या. कुंडीतल्या झाडांना हे लागू नाही, त्यांना कडक उन्हात रोज लागतं, कधी दोनदा. आणि मध्येच कोरडं, मध्येच चिंब असं होऊ देऊ नका. टोमॅटोच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडतो तो बहुतेक वेळा यानंच. पाण्याबरोबर चढणारं कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही.

शिवणाच्या डब्यातल्या चिंध्या बागेत फार कामाच्या. जुन्या बनियनच्या, टी-शर्टच्या पट्ट्या कापून ठेवा. ते कापड ताणतं, खोडाला काचत नाही. काठीला झाड बांधताना मराठी चारच्या आकड्यासारखा पीळ द्यायचा, म्हणजे काठी आणि खोड यांच्यामध्ये कापड येतं. सासूबाई बांधून झाल्यावर प्रत्येक गाठीत बोट घालून बघतात. बोट सहज गेलं पाहिजे. "खोड जाड व्हायचंय अजून," म्हणतात. पाहा, इथेही मायाच.

या दिवसांत माझी मुलगी एरवी कधी उठत नाही इतक्या लवकर उठते, ते लाल भोपळ्यासाठी. त्याची फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. मधमाश्या कमी झाल्या की परागीकरण आपल्याला करावं लागतं. नर फुलाचा देठ सरळ, बारीक असतो. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा आधीच असतो. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हळूच टेकवायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा ती श्वास रोखून उभी होती. चार दिवसांनी त्या फुलामागचा भोपळा गळला नव्हता, वाढला होता. त्या दिवशी तिनं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

आणि बी धरायचं, तेही आताच. यात मोह आवरावा लागतो. बियांसाठी ठेवायचं ते वेलावरचं उरलंसुरलं नाही, सगळ्यात चांगलं, निरोगी फळ. तेच खावंसं वाटतं, आणि तेच सोडायचं. सुरुवात घेवड्यापासून करा. त्याचं फूल उमलेपर्यंत बहुधा स्वपरागीकरण झालेलं असतं, त्यामुळे बी आईसारखंच निघतं. भोपळ्याचं तसं नाही, मधमाशी कुठून काय घेऊन आली असेल सांगता येत नाही. संकरित बियाण्यातून वाढलेल्या झाडाचंही बी धरू नका, पुढची पिढी वेगवेगळी निघते. टोमॅटोच्या बियांभोवती बुळबुळीत आवरण असतं, ते बीला रुजू देत नाही. बिया गरासकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, वास येईल, येऊ द्या. मग धुवा. चांगल्या बिया तळाशी बसतात. सावलीत खडखडीत वाळवायच्या.

वाळलेल्या बियांसाठी आम्ही कापडाच्या पिशव्या शिवतो, तळहाताएवढ्या. हे काम पूर्णपणे मुलीचं. टिपा वाकड्या जातात, पण पिशवी बी सांडू देत नाही. वर नाव आणि महिना दोऱ्यानं भरायचा, शाई पुसते म्हणून. यंदा त्या निळ्या स्कर्टच्या एका जुन्या खिशाचीच पिशवी झाली आहे. ती अजून रिकामी आहे.

ती घेवड्यासाठी ठेवली आहे. वेलाच्या खालच्या अंगाला, सगळ्यात भरलेल्या दोन शेंगा आम्ही महिन्यापूर्वी राखल्या. चुकून कोणी तोडू नये म्हणून सासूबाईंनी त्यांच्या देठांना बॉबिनमधला लाल दोरा बांधला, सैल. रोज सकाळी त्या वेलापाशी जाऊन एकेक शेंग कानाशी हलवून बघतात. हिरव्या होत्या, पिवळ्या झाल्या, मग कागदासारख्या तपकिरी. काल काही वाजलं नाही. आज सकाळी मी झारी भरत होते, तेवढ्यात त्यांनी नातीला हाक मारली, "अगं ये, ऐक, वाजतंय."

नमस्कार.