एका अक्षराच्या आज्ञा

श्रोतेहो, नमस्कार.

मोडेमनं फोन लावला, पलीकडून शिट्टी आली, थोडी खरखर झाली आणि स्पीकर गप्प झाला. पडद्यावर ‘कनेक्ट २४००’ अशी ओळ उमटली. इथून पुढे काय करायचं, ते आज सांगायचं आहे. डायल-अप बुलेटिन बोर्ड म्हणजे फोन लावून शिरायचा, निरोप आणि फाइली ठेवणारा दुसऱ्याचा संगणक. त्यावर मेनूच्या आज्ञा कशा चालवायच्या, हा आपला विषय. आज उरलेले बहुतेक बोर्ड टेलनेटवरून, म्हणजे इंटरनेटवरून, भेटतात, थोडे अजून खऱ्या फोनलाइनवर आहेत. आज्ञा मात्र दोन्हीकडे त्याच.

आधी एक हिशेब करू. २४०० म्हणजे सेकंदाला २४०० बिट. एका अक्षराचे आठ बिट, त्याच्या पुढे एक आणि मागे एक, असे दहा. म्हणजे सेकंदाला २४० अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळींनी पडदा भरायला आठ सेकंद लागतात. ३०० च्या मोडेमवर त्याच पडद्याला मिनिटाच्या वर वेळ जातो. मेनू रंगीत असेल तर प्रत्येक रंग बदलताना न दिसणारी अक्षरं येतात, त्यांचा वेळ वेगळा. बोर्डवर प्रत्येकाला रोजची ठरावीक मिनिटं मिळतात, आणि एकाच लाइनचा बोर्ड असेल तर तुम्ही आत आहात तोवर बाकीच्यांना फोन बिझी लागतो. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी शिकागोमध्ये पहिला सार्वजनिक बोर्ड सुरू केला, तोही एकाच लाइनवर. आज्ञा एकेका अक्षराच्या का, ते या हिशेबातून कळतं.

जोडणी झाली तरी पडदा रिकामाच असेल तर एकदोनदा एंटर दाबा. ‘एस्केप दोनदा दाबा’ अशी ओळ आली तर तसंच करा. तिथे बोर्डच्या आधी फिडोनेटची, म्हणजे बोर्डांच्या आपसातल्या जाळ्याची, टपाल घेणारा प्रोग्रॅम फोन उचलत असतो, आणि समोर माणूस आहे की दुसरा बोर्ड, हे तो त्यावरून ओळखतो. अक्षरं अर्धी बरोबर, अर्धी विचित्र दिसली तर टर्मिनल प्रोग्रॅममध्ये, म्हणजे मोडेमशी बोलणाऱ्या तुमच्या प्रोग्रॅममध्ये, आठ बिट, पॅरिटीचा तपासणी-बिट नाही, एक स्टॉप बिट अशी मांडणी आहे का ते बघा. तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर दोनदा उमटत असेल तर तुमच्याकडचा लोकल एको बंद करा. नाव, पासवर्ड झाल्यावर बोर्ड बहुधा विचारतो, रंगीत ग्राफिक्स हवं का? हो म्हटल्यावर चौकटी कंस, आकडे, अर्धविराम आणि एम असा कचरा ओळीत घुसला, तर तुमच्या टर्मिनलमध्ये रंगाच्या खुणा ओळखणारं अ‍ॅन्सी चालू नाही. ते चालू करा, नाही तर साधा मेनू घ्या. मंद मोडेमवर साधा मेनूच बरा.

आता मुख्य गोष्ट. मेनूच्या शेवटच्या ओळीवर, जिथे कर्सर थांबतो, तिथे प्रॉम्प्ट असतो. नवखा माणूस मेनू वाचतो आणि प्रॉम्प्टकडे बघतच नाही. बोर्ड चालवणाऱ्या पीसीबोर्ड या सॉफ्टवेअरवर कंसात ‘५७ मिनिटं शिल्लक’ आणि पुढे ‘मुख्य बोर्ड, आज्ञा?’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. वेळ किती उरला आणि आपण कुठल्या विभागात उभे आहोत, दोन्ही त्या एका ओळीत कळतं. अक्षराचा अर्थ जागेवर ठरतो, म्हणून ही ओळ आधी वाचायची.

दुसरं बघायचं ते हे की बोर्ड हॉट-कीचा आहे की एंटरचा. पीसीबोर्डवर अक्षर लिहून एंटर दाबेपर्यंत काही होत नाही. रेनेगेड किंवा रिमोटअ‍ॅक्सेसवर चालणाऱ्या बोर्डांवर बहुधा कळ दाबल्याक्षणी आज्ञा सुटते. हॉट-कीच्या बोर्डवर सवयीनं एंटर दाबलात तर तो एंटर पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जातो. ‘निरोप पाठवायचा का’ या प्रश्नाला ‘नाही’ हे ठरलेलं उत्तर असेल, तर लिहिलेला निरोप वाया गेलाच समजा. आणि अशा मेनूवर डी लिहून पुढे फाइलचं नाव टाइप केलं, तर त्या नावातलं एकेक अक्षर वेगळी आज्ञा किंवा भलत्या प्रश्नाचं उत्तर होऊन बसतं. त्यातलं एखादं जी असलं तर थेट बाहेर. म्हणून नव्या बोर्डवर पहिली कळ प्रश्नचिन्हाची दाबा. नुसती दाबून मदत आली तर हॉट-की आहे, नाही आली तर एंटर लागतो. त्या कळीनं काही बिघडत नाही.

अक्षरं बोर्डागणिक बदलतात. पीसीबोर्डवर एम म्हणजे रंग चालू-बंद. इतर कित्येक ठिकाणी एम म्हणजे निरोपांचा विभाग. पीसीबोर्डवर पी म्हणजे पडद्याच्या ओळी किती ते ठरवणं; दुसरीकडे पी दाबला की सिसॉपला, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याला, हाक जाते, त्याच्या घरातल्या संगणकावर घंटी वाजते, आणि तिथे रात्रीचे दोन वाजलेले असू शकतात. सिसॉपला काही सांगायचं असेल तर हाक मारू नका, पीसीबोर्डसारख्या बोर्डांवर सी ही कमेंटची आज्ञा असते. ती लिहून ठेवा, तो सवडीनं वाचेल. जी म्हणजे गुडबाय मात्र जवळजवळ सगळीकडे सारखाच.

मेनू ओळखीचा झाला की एक्स दाबा. ही तज्ज्ञांची पद्धत. यात पूर्ण मेनू येत नाही, फक्त प्रॉम्प्ट येतो. प्रत्येक फेरीला पाच ते आठ सेकंद वाचतात, वीस फेऱ्यांत दोन मिनिटं सहज. काही विसरलं तर प्रश्नचिन्ह किंवा एच आहेच.

एंटरच्या बोर्डांवर याहून मोठी सोय म्हणजे आज्ञा एकापुढे एक जोडून देणं. नव्या फाइलींची यादी हवी असेल तर एन दाबल्यावर बोर्ड तारीख विचारतो, मग कुठला विभाग ते विचारतो. त्याऐवजी पीसीबोर्डवर एकाच ओळीत एन, जागा, एस, जागा, ए लिहून एंटर दाबा. एस म्हणजे गेल्या खेपेनंतरच्या, ए म्हणजे सगळ्या विभागांतल्या. जागेऐवजी अर्धविरामही चालतो. आर, जागा, एस लिहिलं की न वाचलेले निरोप लागोपाठ येतात. वर्णनातला एखादा शब्द शोधायचा असेल तर झेड, मग तो शब्द, मग ए. तारीख स्वतः लिहायची झाली तर अमेरिकी धाटणीच्या बोर्डांवर महिना आधी लिहितात हे लक्षात असू द्या. ५ जून १९९४ म्हणून ०५०६९४ लिहिलं, तर बोर्ड ते ६ मे समजतो आणि महिनाभराची जास्तीची यादी तुमच्या मिनिटांवर ओततो.

यादी वाहू लागली की पडदा भरल्यावर बोर्ड थांबतो आणि ‘आणखी?’ असं विचारतो. एंटर म्हणजे पुढे, एन म्हणजे पुरे, आणि पीसीबोर्डवर एन-एस म्हणजे न थांबता शेवटपर्यंत. एन-एस देण्याआधी टर्मिनलमध्ये कॅप्चर चालू करा, म्हणजे सगळं फाइलमध्ये उतरेल आणि फोन ठेवल्यावर निवांत वाचता येईल. वाहता मजकूर थोपवायला कंट्रोल-एस, पुन्हा सोडायला कंट्रोल-क्यू. बोर्ड गोठल्यासारखा वाटला तर आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. चुकून कंट्रोल-एस दाबला गेलेला असतो आणि माणूस फोन तोडून टाकतो, असं पुष्कळदा होतं.

फाइल उतरवताना सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून तिथे जरा थांबू. डी ही आज्ञा, मग फाइलचं नाव. ते जास्तीत जास्त आठ अक्षरं, टिंब आणि तीन अक्षरं, यादीत आहे तसंच. मग प्रोटोकॉल, म्हणजे फाइल पाठवायची पद्धत. १०० किलोबाइटची फाइल २४०० वर सात मिनिटं घेते, १४४०० वर एक-सव्वा मिनिट. शिल्लक वेळात ती बसत नसेल तर बोर्ड ती देणारच नाही, तेव्हा आधी प्रॉम्प्टवरचा आकडा बघा.

प्रोटोकॉल दोन्हीकडे एकच हवा. झेडमोडेम असेल तर तोच घ्या. चक फोर्सबर्ग यांनी तो १९८६ मध्ये बनवला. तो आपोआप सुरू होतो, आणि लाइन मध्येच तुटली तर पुन्हा फोन लावल्यावर उरलेला भागच आणू शकतो. तुमच्या पडद्यावर दोन तारे, बी आणि पुढे शून्यांची रांग दिसली आणि पुढे काहीच हललं नाही, तर बोर्डकडून झेडमोडेम दार ठोठावतोय आणि तुमचा प्रोग्रॅम ते ऐकत नाही. टेलिक्स किंवा प्रोकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये पेज डाउन दाबा, यादीतून झेडमोडेम निवडा, काम सुरू होईल. एक्समोडेम या जुन्या प्रोटोकॉलमध्ये हे पेज डाउन प्रत्येक वेळी स्वतःच दाबावं लागतं. उशीर केला तर बोर्ड वाट बघून सोडून देतो. फाइल चढवताना उलट असतं. यू दिल्यावर पडद्यावर एकामागून एक सी, सी, सी असं उमटू लागलं की बोर्ड एक्समोडेमनं घ्यायला तयार बसलाय. तेव्हा पेज अप. अर्ध्यावर सोडायचं असेल तर कंट्रोल-एक्स लागोपाठ पाच-सहा वेळा दाबा. मोडेम बंद करू नका.

फाइल येते पण सारख्या चुका मोजल्या जात असतील, तर दर वेळी दोष फोनलाइनचा नसतो. वेगवान मोडेम लावलेल्या जुन्या संगणकात सिरियल पोर्टची चिप ८२५० असते. ती एका वेळी एकच अक्षर धरते, आणि संगणक डिस्कवर लिहीत असताना पुढचं अक्षर आलं की आधीचं जातं. १६५५० चिपमध्ये १६ अक्षरांची रांग मावते. त्याचबरोबर आरटीएस-सीटीएस हा हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे तारांवरून ‘थांब, चालू’ सांगण्याची सोय, चालू ठेवा आणि तेच कंट्रोल-एस, कंट्रोल-क्यूनं सांगणारा एक्सऑन-एक्सऑफ बंद करा, कारण फाइलमध्येच कंट्रोल-एसचा बाइट असू शकतो. आणि कॉल वेटिंग! मध्येच आलेल्या दुसऱ्या फोनची टिकटिक मोडेमला कॅरिअर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर, गेल्यासारखी वाटते. सेवा बंद करता येत नसेल तर मोडेममधला एस-१० हा रजिस्टर, म्हणजे कॅरिअर गेल्यावर फोन ठेवण्याआधी किती थांबायचं तो आकडा, वाढवा. त्याचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, ५० म्हणजे पाच सेकंद.

निरोप लिहिणं सोपं आहे, फक्त संपवायचं कसं ते माहीत हवं. पीसीबोर्डच्या ओळ-संपादकात रिकाम्या ओळीवर एंटर दाबला की आज्ञा विचारली जाते: एस म्हणजे जतन, ए म्हणजे रद्द, सी म्हणजे पुढे चालू. इतर पुष्कळ बोर्डांवर ओळीच्या सुरुवातीला तिरकी रेघ आणि एस. निरोप रोज आणि पुष्कळ वाचणाऱ्यांनी क्यूडब्ल्यूके पाकिटं घ्यावीत. सगळे नवे निरोप दाबून लहान केलेल्या एका फाइलमध्ये उतरतात, वाचन आणि उत्तरं फोन ठेवून होतात, आणि पुढच्या खेपेला उत्तरांची आरईपी फाइल चढवली की झालं.

बाहेर पडताना जीच द्या. काही बोर्ड खात्री करून घेतात, त्याला हो म्हणा. पडद्यावर ‘नो कॅरिअर’ आलं की लाइन सुटली. नाही आलं तर टेलिक्स किंवा प्रोकॉममध्ये ऑल्ट-एच. टर्मिनल प्रोग्रॅम नुसता बंद करू नका. मोडेम संगणकाबाहेरचा असेल आणि त्याला संगणकाचा इशारा न जुमानण्याची अँपरसँड-डी-शून्य अशी आज्ञा दिलेली असेल, तर संगणक गेला तरी तो फोन ठेवत नाही. तुमचं बिल चालू राहतं, आणि बोर्डाला तुमचा संशय येऊन तो स्वतः लाइन सोडेपर्यंत पुढचा माणूस बिझीचा आवाज ऐकत बसतो. म्हणून उठण्याआधी मोडेमवरचा, कॅरिअर आहे हे दाखवणारा, सीडी लिहिलेला दिवा विझला आहे का, ते बघा.