पोहून आलेली गाडी

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली येतात. ताट्या बदलायच्या, टाकीतला गेल्या वर्षीचा गाळ खरवडायचा, पंप चालतो का पाहायचा. पंप चालत नाहीच. मग मिस्त्रीला फोन. तो म्हणतो, "निघालोच ताई, पाच मिनिटात पोचून राहिलो." आणि त्याच्या मागून कढईत भजी सोडल्याचा आवाज येत असतो! संध्याकाळी पुन्हा फोन केला की तोच उत्साह, तीच पाच मिनिटं. आमच्या गावात 'नाही' हा शब्द कोणी वापरतच नाही. नळवाला, गॅसवाला, शिंपी, ऑफिसातला बाबू, सगळे म्हणतात, "होऊन जाईल ना ताई, टेन्शन नका घेऊ." आणि आपणही घेत नाही. आपल्या माणसाला खोदून काय विचारायचं?

या 'काय विचारायचं'पायी आम्ही एक गाडी घेतली. आज तिचीच गोष्ट सांगते.

मी शाळेत शिकवते, हुडकेश्वरकडे राहते. सासऱ्यांचे गुडघे गेलेले, स्कूटरवर बसवत नाही. ऑटोवाला मीटरकडे बघायलाही तयार नसतो. तेव्हा ठरलं, एक जुनी का होईना, चारचाकी घ्यायची. रिंग रोडवर जुन्या गाड्यांचं एक दुकान होतं, दुकान म्हणजे पत्र्याचं शेड आणि पुढे ओळीनं पुसूनपासून ठेवलेल्या गाड्या. तिथे एक पांढरी छोटी गाडी दिसली. 2017 चं मॉडेल, पेट्रोल, मीटरवर 48 हजार किलोमीटर. आत मोगऱ्याचा घमघमाट. मी म्हटलं, किती स्वच्छ ठेवली आहे हो कोणी! त्या घमघमाटाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

सौदा ठरला 3 लाख 10 हजारांत. दुकानदार गोड माणूस. मी काही विचारलं की उत्तर आमच्या ह्यांच्याकडे बघून द्यायचा. मी विचारायची, "इंजिनचं काम झालंय का?" तो ह्यांना सांगायचा, "साहेब, एका हाताची गाडी आहे." 2 लाख 60 हजार बँकेतून दिले. उरलेले 50 हजार रोख मागितले. "पावती?" असं मी पुटपुटले. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी पंगतीत वाढणाऱ्याला किलोचा भाव विचारला. पावती राहिली. गाडी नावावर करून देण्याचंही त्यानं तोंडीच कबूल केलं. 9 एप्रिल 2024, गुढीपाडवा. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, सासरे पुढे बसले आणि आम्ही टेकडीच्या गणपतीला जाऊन आलो.

अठराव्या दिवशी एसी लावला आणि मोगऱ्याखालून दुसराच वास आला. पावसाळ्यात दार लावून ठेवलेल्या खोलीचा असतो ना, तसा कुबट. त्याच दिवशी मागची डावीकडची काच खाली गेली ती वर येईना. मी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर लिहिलं, काचेचा फोटो टाकला. उत्तर आलं, "वास जाते ताई, ऊन दाखवा गाडीले." नागपूरच्या एप्रिलात गाडीला ऊन दाखवायचं! बेचाळीसच्या पाऱ्यात ती दिवसभर दारात उभीच होती, अजून किती दाखवू?

पुढे फेऱ्या सुरू झाल्या. शेठ बाहेर गेले, शेठ लग्नात आहेत, शेठ जेवून राहिले. एकदा शेठ सापडले तर म्हणाले, "साहेबांना पाठवा ना ताई, गाडीचं तुम्हाला नाही समजत." साहेबांना पाठवलं. साहेब चहा पिऊन परत आले.

जूनच्या शेवटी पहिला पाऊस झाला आणि गाडीच्या काट्यांच्या पॅनेलवर दिव्यांची आरास झाली. एक लाल, दोन पिवळे. सक्करदऱ्याजवळ एक जुना मेकॅनिक आहे, त्याच्याकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसला, सीट बेल्टचा पट्टा धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत. आपण पट्टा कधी इतका ओढतच नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती, चहाच्या कपात आतून उरते तशी. मग त्यानं पायाखालचं कारपेट उचकटलं. खालचा फेस अजून ओलसर, आणि त्यात बोटाला लागेल एवढा बारीक, राखाडी गाळ. सीटचे रूळ गंजलेले. वायरिंगचा एक कपलर काढून दाखवला, आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. बोट पुसत म्हणाला, "वहिनी, ही गाडी पोहून आली आहे ना जी."

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. मध्यरात्रीनंतर तीन-चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. तळमजल्यावरची माणसं अंधारात पलंगावर चढून बसली होती. तळघरांत उभ्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. सिमेंटचे रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा उंच बांधत गेलो, त्यावर एक वेगळं भाषण होईल, ते आज सोडते. पण त्या बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला त्या मेकॅनिकच्या बाकड्यावर बसून पहिल्यांदा पडला.

होतं असं. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या ठरलेल्या किमतीच्या पाऊणपटीच्या वर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते आणि मालकाला पैसे देते. सांगाडा लिलावात जातो. कोणी सुटे भाग काढायला घेतो. कोणी धुऊन, वाळवून, तेल बदलून, अत्तर शिंपडून पुन्हा विकायला घेतो. इंजिन साफ करता येतं, ते चालूही होतं. वायरिंग, सेन्सर, एअरबॅगचं युनिट मात्र आतून हळूहळू सडत जातात आणि सहा-आठ महिन्यांनी एकेक करून दगा देतात. तोवर गाडी तुमच्या दारात असते.

घरी येऊन मी आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड काढलं. गाडी अजून जुन्याच मालकाच्या नावावर होती. आणि त्याखाली पत्ता, अंबाझरी लेआउट. तीन महिने ते कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. दोन नाक्यांवर पोलिसांना दाखवलं होतं. पण पत्ता वाचला नव्हता. गाडी घेताना आपण नंबर वाचतो, एमएच 31 आहे की 49, बेरीज किती येते तेही बघतो. पत्ता कोण वाचतं!

मग चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरवर पाहिलं. शेवटची सर्व्हिसिंग ऑगस्ट 2023, किलोमीटर 71 हजार. आमच्या मीटरवर अजून बावन्न होते. म्हणजे गाडी नुसती पोहली नव्हती, निदान तेवीस हजार किलोमीटर उलटीही चालली होती!

दुकानात गेलो, या वेळी दोघंही. शेठनी बिलामागची बारीक अक्षरं दाखवली, 'जशी आहे तशी'. "पाहूनच घेतली ना तुम्ही?" इथे आमचे हे उठायला लागले. मी बसून राहिले. आयुष्यात इतकी बेशरमपणे मी कुठे बसले नसेन, पण बसले.

श्रोतेहो, आता जरा कायद्याचं सांगते. मला ते शाळेतल्या नागरिकशास्त्रात नाही, असं ठेच लागल्यावर कळलं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो की सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर छापलेली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. बिल किंवा पावती न देणं, हीसुद्धा त्याच यादीत आहे. शेठ म्हणत होते, महिना कधीच उलटला. आणि इथे माझा तो अठराव्या दिवसाचा मेसेज कामाला आला. 'वास जाते ताई' या त्यांच्याच उत्तरासकट. अख्ख्या व्यवहारात आमच्या बाजूचा धड कागद तेवढा एकच होता, आणि तोही कागद नव्हता.

पहिलं काम केलं ते 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन. त्यांनी तक्रार नोंदवली, रस्ता सांगितला. मग स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली, पोच जपून ठेवली. उत्तर नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार, ऑनलाइनच. मालाची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. माझी भाची एलएलबी करते आहे, तिनं अर्ज तपासून दिला आणि मोबदल्यात माझ्याकडून दोनदा सांबारवडी वसूल केली. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते, हेही तिनंच सांगितलं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हे सगळं धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्याबद्दल आहे. शेजारच्या काकांनी आपली घरची गाडी तुम्हाला विकली आणि ती बिघडली, तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्ट. आणि काकांशी बोलणं बंद.

नाव बदलायचंही शेठ विसरले होते, ते बरंच झालं म्हणायचं, कारण गाडी परत देणं सोपं गेलं. पण तुम्ही असं करू नका. आरसीवर ज्याचं नाव, तो कायद्याच्या नजरेत मालक. गाडी विकून टाकली तरी नाव बदललं नसेल, तर अपघाताची भरपाई त्याच्याच अंगावर येऊ शकते, असं सुप्रीम कोर्टानं 2018 साली स्पष्ट केलं आहे. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, म्हणजे काम झालं असं नसतं. ते फॉर्म आरटीओत पोचावे लागतात.

आयोगानं आम्हाला मध्यस्थीला बसवलं. एक टेबल, मधे मध्यस्थ, समोर शेठ. दुकानात पाय पसरून बसणारा माणूस तिथे खुर्चीच्या कडेवर बसला होता. सर्व्हिस सेंटरचा कागद टेबलावर ठेवला तेव्हा म्हणाला, "मलेही असंच विकलं जी कोणीतरी." खरंही असेल. मला त्याची कीव आली, आणि त्याच क्षणी कळलं की आमच्या घरात ज्याला मी ह्यांचा भिडस्तपणा म्हणते, तो माझ्यातही भरपूर आहे. मध्यस्थांनी विचारलं, एकूण किती दिले? मी म्हटलं, 3 लाख 10 हजार. शेठ म्हणाले, "2 लाख 60. बँकेत दिसते पाहा." 50 हजारांचं नावच नाही. पावती मागताना ह्यांनी पाहिलं होतं तसं मी ह्यांच्याकडे पाहिलं. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ती 50 हजार घेऊन गेली.

जानेवारी 2025 मध्ये तडजोड लिहून झाली, दोन चेक मिळाले, दोन्ही वटले. आयोगाचा आदेश पाळला नाही तर तुरुंगवासही होऊ शकतो, हे शेठना कोणीतरी नीट समजावलं असावं. गाडी नेऊन दिली. सासरे म्हणाले, "ऑटोच बरा होता, त्याले मोगऱ्याचा वास तरी नव्हता."

यानंतर महिन्याभरानं आम्ही दोघं स्कूटरवर त्याच रस्त्यानं येत होतो. शेडसमोर आमची गाडी उभी. धुतलेली, पुसलेली, काचेवर नवीन किंमत चिकटवलेली. शेजारी एक तरुण जोडपं, कडेवर लहान मूल. तो बॉनेट उघडून आत बघत होता, जसं आपण बघतो, काहीही न कळता. शेठ त्याच्याशी हसून बोलत होते.

ह्यांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं, टायर बसला. हे उतरले, हेल्मेटसुद्धा काढलं नाही, सरळ रस्ता ओलांडून गेले. शेठना नमस्कार केला, नेहमीसारखा. मग त्या मुलाला म्हणाले, "भाऊ, आत बसा आणि सीट बेल्टचा पट्टा पूर्ण ओढून पाहा. शेवटपर्यंत."

आणि परत येऊन स्कूटर सुरू केली. मी मागे बसून मान वळवून बघत राहिले. तो मुलगा पट्टा ओढत होता.

नमस्कार.