ऑलिम्पिकच्या मैदानात डीजे

नमस्कार मंडळी! आज आपण बोलणार आहोत टिएस्टोबद्दल. नेदरलँड्सचा डीजे, खरं नाव टाइस फेरवेस्ट, जन्म १९६९चा, गाव ब्रेडा. ॲमस्टरडॅम नाही हां, ब्रेडा.

तर हा पोरगा गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला, आणि वीकेंडला तिथल्याच एका छोट्या क्लबात रात्रभर वाजवायचा. माझं तर स्पष्ट मत आहे, दुकानात उभं राहून जो कान तयार होतो ना तो दुसरीकडे कुठे होत नाही, आता ॲप गाणी सुचवतं खरं पण "अहो ते राहू द्या, हे ऐका" म्हणून भांडत नाही तुमच्याशी. असो.

१९९७ला त्याने एका मित्राबरोबर ब्लॅक होल नावाचं स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, सुरू केलं, २००० साली 'सायलेन्स' या गाण्याचा त्याचा रिमिक्स तुफान चालला, आणि २००२, २००३, २००४ अशी सलग तीन वर्षं 'डीजे मॅग' या मासिकाच्या जगातल्या अव्वल डीजेंच्या यादीत तो पहिला. मधेच २००३ला आर्नहेमच्या फुटबॉल स्टेडियममध्ये त्याने एकट्याने अख्खी रात्र लढवली, समोर पंचवीसेक हजार माणसं. एकच डीजे, अख्खं स्टेडियम, हे लक्षात ठेवा.

आता मला जे सांगायचंय ते. १३ ऑगस्ट २००४, अथेन्स, ऑलिम्पिकचं उद्घाटन. सगळ्या देशांचे खेळाडू झेंडे घेऊन आत येतात ते संचलन माहितीये ना, त्याला संगीत कोणाचं? टिएस्टोचं, तेही लाइव्ह! ऑलिम्पिकच्या उद्घाटनात त्याआधी कुठल्याच डीजेने असं वाजवलं नव्हतं. आणि विचार करा, दोनशे देश, कुणाची पाच माणसं कुणाची पाचशे, कोणी भराभर चालतंय, कोणी फोटो काढत रेंगाळतंय, आणि संगीत मधे थांबून चालत नाही, मग अशा कामाला डीजेच पाहिजे की, एक ट्रॅक संपायच्या आत दुसरा आत सरकवणारा. शिवाय ऑलिम्पिकवाल्यांची अट, गाण्यात शब्द नकोत, उगाच कोणी भलता अर्थ काढायचा. म्हणजे दीड तास नुसतं संगीत.

आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली. अंजू बॉबी जॉर्ज तिरंगा घेऊन आली तीसुद्धा त्याच्याच तालावर, पण टीव्हीवर ते ऐकू कुठे येतंय, कॉमेंट्रीवाले मधे श्वासच घेत नाहीत. एवढा मोठा कार्यक्रम, जरा गप्प बसायला काय होतं हो यांना?

तर क्रम ग्रीक मुळाक्षरांचा, त्यामुळे डच टीम भारताच्या बरीच नंतर आली. आली, आणि बघते तर काय, वर आपलाच माणूस! झालं, चालायचं सोडून सगळे डीजेसमोर नाचायलाच लागले. मागे बाकीचे देश रांगेत, समोर डच मंडळींचा धिंगाणा. शेवटी अधिकाऱ्यांनी येऊन त्यांना पुढे काढलं, चला चला, पुढे चला. चार वर्षं घाम गाळून ऑलिम्पिक गाठायचं आणि तिथे नाचतो म्हणून हाकलून घ्यायचं, मला तर हे पदकाइतकंच भारी वाटतं.

हे सगळं टीव्हीवर बघत होता नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेनचा एक आठ वर्षांचा मुलगा. आपणही हेच करायचं असं त्याने ठरवलं. सतराव्या वर्षी त्याचं 'ॲनिमल्स' जगभर वाजलं आणि २०१८ला प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या समारोपात हा स्वतः डीजे! मार्टिन गॅरिक्स तो.

टिएस्टोला पुढे ग्रॅमीही मिळालं, ट्रान्स सोडून हाउस या दुसऱ्या प्रकारच्या डान्स संगीताकडे गेला, जुने फॅन चिडले, ते पुन्हा कधीतरी. अथेन्सच्या त्या संगीताचा नंतर अल्बम निघाला, आता ऐकूया त्यातलं 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज'. मूळ रचना सॅम्युअल बार्बरची, व्हायोलिन-चेलोंची, १९३०च्या दशकातली. माझ्या बडबडीत वेळ गेला म्हणून अर्धंच लावतोय, पूर्ण घरी ऐका, हेडफोन लावून.