एडन: ज्यांचा दुभाषी राजा होता

नमस्कार मंडळी,

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चार घरं मिळून इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावर गेलो होतो. ओहोटी लागली की बेटावर जायचा रस्ता उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली जातो. इसवी सन 635 मध्ये स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरून आलेल्या एडन नावाच्या आयरिश साधूंनी इथे मठ उभारला. नॉर्थंब्रियाचा, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या तेव्हाच्या राज्याचा, राजा ऑस्वाल्ड याने त्यांना बिशप म्हणून बोलावलं होतं.

त्यांच्याआधी आलेले धर्मगुरू फार कडक होते. लोक हट्टी आहेत, ऐकत नाहीत, असं सांगत ते परत गेले. एडन त्यांना म्हणाले, तुम्ही आधी शिकवणुकीचं दूध पाजायला हवं होतं. आपणही उष्टावणाआधी बाळाला भाकरी भरवत नाही!

एडनना इंग्रजी धड येत नव्हती. ऑस्वाल्ड मात्र परागंदा असताना आयरिश शिकला होता. म्हणून बिशप बोलायचे आणि स्वतः राजा आपल्या सरदारांना अर्थ सांगायचा. माझी आई आमच्याकडे आली की दवाखान्यात तिच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये मी उभी असते. बाजूला उभं राहून दुसऱ्याचा शब्द पोचवणारा तो राजा मला म्हणूनच फार मोठा वाटतो.

एडन गावोगाव पायी फिरायचे. दान आलेल्या पैशातून गुलाम सोडवायचे. पुढे नॉर्थंब्रियाच्या दक्षिण भागाचा राजा ऑस्विन याने त्यांना एक उमदा घोडा दिला. वाटेत भिकारी भेटला, तर त्यांनी तो साजासकट देऊन टाकला. राजा रागावला. एडन म्हणाले, “त्या घोडीचं पोर तुला देवाच्या लेकरापेक्षा प्रिय आहे का?” शिकारीहून आलेला राजा शेकोटीजवळ उभा होता. थोड्या वेळाने त्याने कमरेची तलवार सोडली आणि त्यांच्या पाया पडला. जेवण सुरू झालं, राजा खुशीत आला, पण एडनच्या डोळ्यांना धार लागली. सोबतच्या धर्मगुरूने आयरिशमध्ये, म्हणजे दरबारात कुणाला कळणार नाही अशा भाषेत, कारण विचारलं. “इतका नम्र राजा मी पाहिला नाही. हा फार जगणार नाही.”

651 च्या ऑगस्टमध्ये ऑस्विनचा खून झाला. अवघ्या बारा दिवसांनी, 31 ऑगस्टला, जवळच्याच बँबरो गावातल्या चर्चच्या भिंतीला आधार देणाऱ्या लाकडाला टेकून एडननी प्राण सोडला. तेच लाकूड म्हणून एक तुळई त्या चर्चमध्ये आजही दाखवतात. मान वर करून आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे होतो.