समुद्री सशाचे संप्रेरक आणि चेतापेशींची वीज

[दृश्य: उथळ पाणी. खडकावरचे शेवाळ चरणारा समुद्री ससा.]

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत आढळणारा हा प्राणी गोगलगायीच्या नात्यातला, मृदुकाय संघातला आहे. डोक्यावर उभ्या राहणाऱ्या, कानांसारख्या दिसणाऱ्या दोन शृंगिकांमुळे त्याला समुद्री ससा म्हणतात. शास्त्रीय नाव आप्लिसिया कॅलिफोर्निका. प्रत्येक समुद्री ससा नरही असतो आणि मादीही, तेव्हा इथे ‘तो’ म्हणणे ही केवळ भाषेची सोय समजावी.

एरवी सतत खात असणारा हा प्राणी आता थांबला आहे. त्याच्या शरीरातून अंड्यांची एक लांबच लांब दोरी बाहेर येते आहे. वरच्या ओठाच्या घडीत ती पकडून, डोके डावी-उजवीकडे हलवत, तो तिचा शेवयांसारखा गुंता खडकावर चिकटवत जातो. या एका दोरीत दहा लाखांहून अधिक अंडी असू शकतात.

चालणे थांबवणे, खाणे सोडणे, डोके हलवणे या साऱ्या हालचाली ठरावीक क्रमाने घडतात. हा क्रम कोण सुरू करते, याचा धागा १९६७ मध्ये संशोधक अर्व्हिंग कुप्फरमान यांच्या हाती लागला. समुद्री सशाच्या उदरातील चेतागुच्छिकेच्या, म्हणजे चेतापेशींच्या गाठीच्या, वरच्या कडेला ‘बॅग सेल’ नावाच्या पेशींचे दोन पुंजके असतात, प्रत्येकी सुमारे ४०० पेशींचे. या पेशींचा अर्क दुसऱ्या समुद्री सशाला टोचला, तेव्हा त्यानेही अंडी घातली.

[दृश्य: काचेच्या बशीत, समुद्राच्या पाण्यासारख्या द्रावात ठेवलेली चेतागुच्छिका. पडद्यावर सपाट रेषा.]

बॅग सेल या चेतापेशी असल्या, तरी त्यांचे काम ग्रंथीचे आहे. एरवी त्या अगदी गप्प असतात. त्यांच्याकडे येणाऱ्या चेतातंतूला काही सेकंद विजेचे हलके झटके दिले, की मात्र सगळ्या पेशी एका तालात विजेचे स्पंद देऊ लागतात. आणि झटके थांबवल्यावरही त्या थांबत नाहीत. पहिले सुमारे एक मिनिट वेग जास्त असतो, मग तो सेकंदाला एखाद्या स्पंदापर्यंत उतरतो आणि जवळजवळ अर्धा तास तसाच चालू राहतो. चेतापेशींच्या जगात, जिथे बहुतेक व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागांत उरकतात, तिथे अर्धा तास म्हणजे फारच मोठा काळ.

एवढा वेळ पेशी तापलेली राहते, याचे कारण तिच्या पटलातच बदल झालेला असतो. पोटॅशियम बाहेर नेऊन पेशीला पुन्हा शांत करणारे प्रवाह क्षीण होतात. प्रोटीन कायनेज-सी हे विकर (एन्झाइम) सक्रिय झाल्यावर, एरवी निष्क्रिय राहणारे कॅल्शियमचे राखीव मार्ग कामाला लागतात. प्रत्येक स्पंद रुंद होतो, अधिक कॅल्शियम आत शिरते, आणि कॅल्शियम आत आले की संप्रेरकाने भरलेल्या कणिका आपले भांडार बाहेर रिते करतात. वीज संप्रेरकाला बाहेर काढते, ती अशी.

आता उलट दिशा, संप्रेरकाकडून विजेकडे जाणारी, पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. बाहेर पडलेले अंडे-घालणी संप्रेरक ३६ अमिनो आम्लांची साखळी असते. ते रक्तात मिसळून दूरवर तर जातेच, पण जाताजाता त्याच गुच्छिकेतल्या शेजारच्या पेशींवरूनही जाते.

[दृश्य: पडद्यावर आर-१५ पेशीचा आलेख. स्पंदांचा झुबका, मग विराम, पुन्हा झुबका.]

ही आर-१५, त्या शेजारच्या पेशींपैकी एक. आकाराने एवढी मोठी आणि जागा एवढी ठरलेली, की प्रत्येक समुद्री सशात संशोधक ती नेमकी शोधून काढतात. ती मुळातच झुबक्यांनी स्पंदते. संप्रेरक पोहोचल्यावर झुबके अधिक जोमदार होतात आणि त्यांच्यामधले विराम अधिक खोल. वरवर परस्परविरोधी वाटणारे हे दोन परिणाम एकाच संप्रेरकाचे आहेत: ते पेशीला उत्तेजित करणारा आणि तिला शांत करणारा, असे दोन्ही प्रवाह वाढवते. संप्रेरक नवा ताल लादत नाही, असलेलाच ताल गडद करते.

गुच्छिकेच्या डाव्या वरच्या भागातल्या काही पेशी मात्र याच वेळी गप्प होतात. ते काम अल्फा बॅग सेल पेप्टाइड या दुसऱ्या, छोट्या रेणूचे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड शेलर, रिचर्ड ॲक्सेल, एरिक कँडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडे-घालणी संप्रेरकाची जनुके वेगळी केली, तेव्हा दिसले की हे दोन्ही रेणू एकाच लांब पूर्वगामी प्रथिनाचे तुकडे आहेत. छोटा रेणू विकरांच्या तावडीत सापडून लवकर नष्ट होतो, म्हणून त्याचा अंमल जवळपासच चालतो; मोठा टिकून राहतो आणि दूरच्या पेशींपर्यंत पोहोचतो. एकाच प्रथिनातून निघालेल्या दोन संदेशांचा पल्ला असा त्यांच्या आयुष्यमानावरून ठरतो.

[दृश्य: पुन्हा बशीतली गुच्छिका. स्पंद विरळ होत जातात.]

अर्धा तास संपला. संशोधक त्याच तंतूला पुन्हा झटके देतात. बॅग सेल थोडे स्पंद देतात आणि लगेच मिटतात. पूर्वीसारखा दीर्घ प्रतिसाद मिळण्यासाठी साधारण १८ तास जावे लागतात. तोवर पडद्यावरची रेषा जवळजवळ सपाट राहते.