दुसरा सामना आपल्या घरी

श्रोतेहो, नमस्कार.

फुटबॉलमधली प्ले-ऑफची, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीची लढत आहे. सामने दोन, एक तुमच्या मैदानावर आणि एक त्यांच्या. दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र मोजायचे, ज्याचे जास्त भरतील तो पुढे जाणार. साखळीत तुम्ही वरचा क्रमांक मिळवलाय, म्हणून मान तुमचा. तुम्हाला विचारलं जातं, घरचा सामना आधी घेता की नंतर?

बहुतेक जण पटकन सांगतात, नंतर. मीही नंतरच सांगेन. पण कारण विचारलं की उत्तर येतं, ‘आपले प्रेक्षक असतात ना!’ अहो, प्रेक्षक पहिल्या सामन्यालाही असतात. घरच्या मैदानाचा फायदा दोन्ही संघांना एकेकदा मिळतोच. मग क्रमामुळे फरक कुठे पडतो? दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे हिशेब. दुसऱ्या सामन्याला उतरताना किती गोल हवेत हे नक्की ठाऊक असतं. ते दोघांनाही ठाऊक असतं, खरंय, पण तो हिशेब फेडायची जागा तुमची असते. दुसरं म्हणजे जादा वेळ. दोन सामन्यांनंतर बरोबरी राहिली तर तीस मिनिटं जादा खेळवतात, ती दुसऱ्या सामन्याच्याच मैदानावर. पेनल्टी शूटआऊटही तिथेच. म्हणजे एका संघाला घरी नव्वद मिनिटं मिळतात आणि दुसऱ्याला एकशेवीस मिळू शकतात. हिशेब आणि जादा वेळ, एवढं ध्यानात ठेवा. आता मी तुम्हाला एका सामन्याला घेऊन जातो.

तारीख 12 मे 2013. मैदान व्हिकारेज रोड, वॉटफर्डचं. समोर लेस्टर सिटी.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खालच्या पायरीला चॅम्पियनशिप म्हणतात. चोवीस संघ, प्रत्येकाचे शेहेचाळीस सामने. पहिले दोन थेट वर जातात. त्या वेळी तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ प्ले-ऑफ खेळायचे, तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी. तिथे कुणाला विचारत बसत नाहीत. वरच्या क्रमांकाच्या संघाचा घरचा सामना दुसरा, हा नियमच आहे. त्या वर्षी वॉटफर्ड तिसरा होता आणि लेस्टर सहावा. दोघांमध्ये नऊ गुणांचं अंतर.

इथे एक सांगून टाकतो. शेहेचाळीस सामने खेळून नऊ गुण पुढे राहिलेल्या संघाला बक्षीस काय, तर फक्त सामन्यांचा क्रम. मला हे फार तोकडं वाटतं. मेक्सिकोच्या लीगमध्ये अंतिम फेरीच्या आधीच्या लढती बरोबरीत सुटल्या तर वरच्या क्रमांकाचा संघ पुढे जातो, आणि मला ते जास्त न्यायाचं वाटतं. वर्षभराच्या मेहनतीला वजन हवं. असो, वॉटफर्डकडे वळू.

वॉटफर्ड प्ले-ऑफमध्ये आला तोच मुळी हळहळत. आठच दिवस आधी, 4 मे रोजी, साखळीतला शेवटचा सामना, तोही याच व्हिकारेज रोडवर, लीड्सशी. जिंकले असते तर थेट प्रीमियर लीगमध्ये, कारण वरच्या हल सिटीला त्याच वेळी बरोबरीवर समाधान मानावं लागलं होतं. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, सगळं जमून आलं होतं. आणि वॉटफर्ड हरला, 2-1, शेवटच्या मिनिटाला गोल खाऊन. सामन्याआधी सराव करतानाच त्यांचा गोलरक्षक मॅन्युएल अल्मुनिया दुखावला होता, तो खेळूच शकला नाही. अल्मुनिया हे नाव लक्षात ठेवा.

त्याच दिवशी लेस्टरकडे नेमकं उलटं घडलं. त्यांना सहावा क्रमांक गाठायचा तर नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांच्याच मैदानावर हरवणं भाग होतं. भरपाई वेळेत, म्हणजे वाया गेलेल्या वेळेपोटी नव्वद मिनिटांनंतर वाढवून दिलेल्या मिनिटांत, एकवीस वर्षांच्या एका फ्रेंच पोराने गोल केला आणि लेस्टर गोलफरकावर आत शिरला. त्या पोराचं नाव अँथनी नॉकार्ट. हेही नाव लक्षात ठेवा.

पहिला सामना लेस्टरच्या मैदानावर, 9 मेला. लेस्टर जिंकला, 1-0, गोल डेव्हिड न्युजंटचा. बघा, घरचा सामना आधी असलेल्या संघाला हेच तर हवं असतं. एक गोल करायचा, एकही खायचा नाही, आणि ती शिदोरी घेऊन परक्या मैदानावर जायचं. लेस्टरने आपलं काम चोख केलं होतं.

आता दुसरा सामना. वॉटफर्डला काय करायचंय ते स्पष्ट आहे. एक गोल केला तर बरोबरी, एका गोलाच्या फरकाने जिंकले तर जादा वेळ, दोनच्या फरकाने जिंकले तर अंतिम फेरी. पंधराव्या मिनिटाला माटेय व्हिद्राने मारलेला गोल असा काही होता की बघणारा उठून उभा राहिला असेल. एकूण 1-1. चारच मिनिटांनी न्युजंटने डोक्याने फेडला, लेस्टर पुन्हा पुढे. दुसऱ्या अर्धात व्हिद्राने दुसरा गोल केला. सामन्यात वॉटफर्ड 2-1 पुढे, आणि दोन सामन्यांचे मिळून 2-2. या प्ले-ऑफमध्ये परक्या मैदानावरच्या गोलाला जास्त किंमत नव्हती, त्यामुळे असंच राहिलं असतं तर जादा वेळ. आणि जादा वेळ म्हटला की व्हिकारेज रोड.

नव्वद मिनिटं झाली. भरपाई वेळही सरत आली. आणि तेव्हा नॉकार्ट पेनल्टी क्षेत्रात पडला. पंचांनी शिट्टी फुंकली, पेनल्टी. लेस्टरला.

आता डोळे मिटून ऐका. मला रेडिओवरचं फुटबॉल दूरचित्रवाणीपेक्षा नेहमीच जवळचं वाटत आलंय, कारण मैदानावरचा आवाज कानाला आधी कळतो, आणि समालोचकाने दोन क्षण गप्प राहायचं ठरवलं तर त्या शांततेतही सामना ऐकू येतो. त्या क्षणी व्हिकारेज रोडवर तशीच शांतता पसरली होती. गोल झाला की संपलं. लेस्टर अंतिम सामन्यासाठी वेम्बलीला जाणार, आणि वॉटफर्ड आठ दिवसांत दुसऱ्यांदा, त्याच मैदानावर, शेवटच्या क्षणी हरणार. घरचा सामना दुसरा असून काय उपयोग झाला, असं प्रत्येकाच्या मनात आलं असणार.

चेंडू कुणी ठेवला? नॉकार्टनेच. ज्याने संघाला इथवर आणलं त्यानेच. पळत आला, जोरात मारला, जवळपास मधोमध. अल्मुनिया झेपावला होता, पण पाय मागे राहिले होते, आणि चेंडू त्या पायांवर आदळला. परत आला तो थेट नॉकार्टपुढे! त्याने पुन्हा मारला. अल्मुनिया तोवर सावरून आडवा झाला होता. पुन्हा अडवला. दोनदा, श्रोतेहो. एका श्वासात दोनदा.

वॉटफर्डच्या बचावपटूने चेंडू भिरकावला आणि सगळं मैदान उलटं फिरलं. लेस्टरचे खेळाडू पेनल्टीसाठी पुढे आलेले, मागे मोकळं रान. चेंडू उजवीकडे फर्नांडो फॉरेस्टिएरीच्या पायात. त्याने लांबच्या खांबाकडे उंच चेंडू टाकला. तिथे जोनाथन हॉग उडाला. त्याला स्वतःला गोल करायचा मोह झाला असेल, पण त्याने डोक्याने चेंडू मागे, शांतपणे, समोरून धावत येणाऱ्याच्या पुढ्यात उतरवला. धावत येणारा होता ट्रॉय डीनी. चेंडू थांबवला नाही, बघितलं नाही, आहे तसा हाणला. जाळ्यात.

पेनल्टी मारल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत. नोंद 97व्या मिनिटाची. वॉटफर्ड 3-1, एकूण 3-2.

डीनीने शर्ट काढला आणि तो थेट प्रेक्षकांत शिरला. मैदानाच्या कडेला प्रशिक्षक जियानफ्रँको झोला पळत सुटला. शर्ट काढल्याबद्दल पिवळं कार्ड दाखवतात, आणि तो नियम मला कधीच पटलेला नाही. माणूस आनंदाने वेडा झाला तर त्याला शिक्षा कसली?

आणि आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा गोल जगभर डीनीच्या नावाने ओळखला जातो. ओळखला जावाच. पण त्या अर्ध्या मिनिटात लढत वाचवली ती गोलरक्षकाने. आठ दिवसांपूर्वी ज्याच्यावाचून संघ हरला, तोच तो. गोल मारणाऱ्याचं नाव फलकावर लागतं, अडवणाऱ्याचं कुठेच लागत नाही. गोलरक्षकावर हा अन्याय आहे, आणि फुटबॉलबद्दल बोलायची संधी मिळेल तेव्हा मी हे बोलणार.

आता वेळ थोडा उरलाय, मूळ प्रश्नाकडे येतो. या लढतीत दुसऱ्या घरच्या सामन्याने वॉटफर्डला काय दिलं? 2-2 असताना त्यांना घाई नव्हती, कारण जादा वेळ त्यांच्या मैदानावर होणार होता. लेस्टरचं तसं नव्हतं. ती तीस मिनिटं टाळता आली तर त्यांना ते हवंच होतं. हिशेब आणि जादा वेळ, ते हेच. पेनल्टी अडवणं मात्र अल्मुनियाचं, त्याचं श्रेय क्रमाला देऊ नका.

कारण त्याच आठवड्यात दुसरी उपांत्य लढतही झाली. चौथा ब्रायटन, पाचवा क्रिस्टल पॅलेस. पहिला सामना पॅलेसच्या मैदानावर 0-0. दुसरा ब्रायटनच्या घरी, म्हणजे ब्रायटनसाठी सगळं मनासारखं. आणि विल्फ्रेड झाहाने दोन गोल करून पॅलेसला 2-0 जिंकून दिलं. नियम तोच, क्रम तोच, निकाल उलटा. परक्या मैदानावरची 0-0 बरोबरी ऐकायला चांगली वाटते, पण घरी पहिला गोल खाल्ला की तिचं काही उरत नाही.

अभ्यासकांनीही हे मोजून पाहिलंय. युरोपातल्या स्पर्धांमध्ये दुसरा सामना घरी खेळणारे संघ जास्त वेळा पुढे जातात, हे खरं. पण चॅम्पियन्स लीगमध्ये गटविजेत्याला दुसरा सामना घरी मिळत असे, आणि गटविजेता हा बहुधा मुळातच तगडा. संघांची ताकद लक्षात घेऊन पुन्हा मोजलं की तो फायदा जवळपास विरून जातो. पुन्हा सांगतो: तगडा संघ जिंकतो, आणि तगड्या संघालाच तो क्रम मिळतो. त्यामुळे क्रम आहे त्याहून मोठा दिसतो.

मग मी ‘नंतर’ का म्हणतो? एक कारण 2021 मध्ये आलं. त्या वर्षी युरोपच्या फुटबॉल संघटनेने, यूएफाने, अवे गोलचा नियम रद्द केला. आधी एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जायचा, आणि जादा वेळेतला गोलही त्यात धरायचे. म्हणजे दुसऱ्या सामन्यातल्या पाहुण्या संघाला असा किमती गोल करायला एकशेवीस मिनिटं, आणि यजमानाला मात्र पहिल्या सामन्यातली नव्वदच. घरच्या तीस मिनिटांचा फायदा एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने काढून घेतला, असा प्रकार. आता ते काढून घेणं थांबलं. म्हणून नंतर.

दोन वेळा मात्र मी उलटं सांगेन. तुमचा संघ मागे राहून, संधी साधून, झपाट्याने पुढे धावणारा असेल, तर घरचा सामना आधी घ्या. एक गोल पुढे जा, मग समोरच्याला त्यांच्या घरी तुमच्यावर चालून यावंच लागेल, आणि तुम्हाला हवं ते मोकळं रान मिळेल. दुसरं, तुमचा हुकमी खेळाडू बंदीमुळे पहिला सामना खेळणार नसेल, तर त्या अपुऱ्या संघाला परक्या मैदानावर पाठवू नका. प्रेक्षकांचा आधार त्या दिवशी जास्त लागतो. 2020 मध्ये रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हा अनेक लीगमध्ये घरच्या मैदानाचा फायदा घटला होता, हे विसरू नका. बाकी सगळ्या वेळी, नंतर.

जाता जाता वॉटफर्डचं पुढे काय झालं ते सांगतो, नाहीतर तुम्ही विचाराल. 27 मेला वेम्बलीवर अंतिम सामना, एकच, कुणाचंच घर नसलेल्या मैदानावर. समोर क्रिस्टल पॅलेस. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत पॅलेसला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला आला एकोणचाळीस वर्षांचा केव्हिन फिलिप्स, जो तरुणपणी वॉटफर्डकडूनच व्यावसायिक फुटबॉल खेळायला लागला होता. त्याने ती वरच्या कोपऱ्यात मारली. या वेळी अल्मुनियाचा हात पोचला नाही.

नमस्कार.