जुना फोटो आणि तीच जागा

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापूरच्या पेठेतल्या कुठल्याही घरात जुना अल्बम उघडा, रंकाळा तलावावरचा एखादा कृष्णधवल फोटो हमखास निघतो. मागं पाणी, पलीकडं शालिनी पॅलेस, पुढं ओळीनं उभी राहिलेली मंडळी. असा फोटो जिथून काढला, नेमकी तीच जागा शोधून पुन्हा फोटो काढायचा, हा आजचा विषय. अमेरिकेत छायाचित्रकार मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली हेच काम हाती घेतलं. एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणांचे फोटो घेऊन ते त्याच डोंगरांसमोर, त्याच जागांवर पुन्हा उभे राहिले. नुसता सुंदर देखावा टिपण्यापेक्षा या कामातून गावाची जास्त ओळख होते, असं आमचं मत.

आधी मूळ फोटोची नक्कल करून घ्या. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, वरचा थर सोलून निघतो. पानासकटच नक्कल करा. दोन्ही बाजूंना एकेक दिवा, पंचेचाळीस अंशांत, आणि मोबाइल पानाला अगदी समांतर. फ्लॅश बंद, नाहीतर मधोमध पांढरा डाग पडतो. स्कॅनर असेल तर पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरे.

आता जागेवर चला. फोटोत एक जवळची आणि एक लांबची वस्तू निवडा. समजा, जवळ घाटाच्या कठड्याचा कोपरा आणि लांब पॅलेसचा मनोरा. आज तो कोपरा मनोऱ्याच्या फार उजवीकडं दिसत असेल, तर आपणही उजवीकडं सरकायचं. डावीकडं दिसला तर डावीकडं. दोन्हींचा मेळ फोटोसारखा बसला की डाव्या-उजव्याचा प्रश्न मिटला.

पुढं-मागं किती, हे पट्टीनं कळतं. जुन्या फोटोवर जवळच्या दोन खांबांमधलं अंतर ४० मिलिमीटर आणि लांबच्या दोन खिडक्यांमधलं २० असेल, तर प्रमाण दोनास एक. आज पडद्यावर तेच दीडास एक भरलं, तर तुम्ही मागं आहात, पुढं व्हा. बहुतेक जण इथं झूम फिरवत बसतात. झूमनं चौकट लहान-मोठी होते, हे प्रमाण हलत नाही. ते फक्त पायांनी हलतं.

उंचीकडं कोणी बघत नाही आणि तिथंच फोटो फसतो. पूर्वीच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघायचं असे, त्यामुळं तो छातीशी किंवा पोटाशी धरलेला असायचा. मसाई पठारासारख्या मोकळ्या सपाटीवरचा फोटो असेल तर उंची मोजता येते. क्षितिजाची रेघ उभ्या माणसांना जिथं छेदते, तेवढ्या उंचीवर कॅमेरा होता. मोठ्यांच्या छातीवरून आणि शेजारच्या पोराच्या डोक्याला घासून रेघ जात असेल, तर ट्रायपॉड साधारण सव्वा मीटरवर लावा. मात्र सगळे एकाच पातळीवर उभे हवेत. कुणी दगडावर चढलेला असेल तर त्याला हिशेबातून वगळा.

मग वेळ. पूर्व काठावरून पॅलेसकडं बघताना सकाळचं ऊन समोरच्या भिंतींवर पडतं, संध्याकाळी सूर्य इमारतीमागं जातो आणि ती काळी पडते. म्हणजे भिंती उजळ दिसल्या की फोटो सकाळचा धरा. सावलीवरून तारीख काढायची झाली तर मात्र उत्तरं दोन येतात. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो सोहळा, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला होतो, त्याचं कारण हेच: डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाच्या अलीकडं आणि पलीकडं सूर्य त्याच जागी मावळतो. दोन्हींतलं खरं कुठलं, ते पाण्याची पातळी, गवताचा रंग आणि अंगावरचे स्वेटर सांगतात.

निसर्गातला बदल दाखवायचा असेल तर ऋतू जुळलाच पाहिजे. जूनमधला रंकाळा आणि ऑक्टोबरमधला रंकाळा शेजारी ठेवून 'तलाव आटला' म्हणणं ही शुद्ध फसवणूक. जलपर्णीचंही तेच.

पंचगंगेच्या पुराच्या खुणांना वेगळी रीत लागते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथं पोराबाळांनाही पाठ आहे. पण २०१९ आणि २०२१ च्या पुराची भिंतीवरची रेघ रंगाच्या एका हातात नाहीशी होते. रेघ अजून दिसत असेल तर भिंतीसमोर काटकोनात उभे राहा, टेप जमिनीपासून रेघेपर्यंत लावून चौकटीत घ्या, आणि ऊन भिंतीवर तिरकं पडत असताना फोटो काढा. समोरून ऊन आलं की रेघ पुसट होते. दुसरा फोटो लांबून, घर ओळखू येईल असा.

राहिली आठवण. जुना फोटो घेऊन कट्ट्यावरच्या आजोबांकडं जा, पण 'हा अमुक सालचा ना?' असं विचारू नका. ते मान डोलावतील आणि चुकीचं साल कायमचं चिकटेल. 'ही टपरी कुणाची? हे झाड कधी गेलं?' असं विचारा. दोघांना वेगवेगळं विचारा, उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहायचं. बॉलपेनचा वळ पुढं उमटतो. नव्या फोटोसोबत तारीख, वेळ, कॅमेऱ्याची उंची आणि उभं राहिल्याची खूण नोंदवा. खूण झाडाची नको, पायरीची किंवा दगडी कठड्याची घ्या.